दहा मिनिटांची शस्त्रक्रिया, सहा महिन्यांचे पथ्य

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसरची शस्त्रक्रिया करून घेणारी माणसे आता आपल्या अगदी जवळ सापडतात. भरतीच्या तयारीत असलेला माजी विद्यार्थी, लग्न ठरलेली भाची, शिक्षकखोलीतला एखादा तरुण सहकारी. एका डोळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. टाका नसतो, इस्पितळात राहावे लागत नाही आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरातील तारखा चष्म्याशिवाय वाचता येतात. घरी जाताना मात्र हातात एक कागद दिला जातो. डोळे चोळू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका, थेंब वेळच्या वेळी घाला, रात्री कवच लावून झोपा, उन्हात काळा चष्मा वापरा, दिलेल्या तारखांना तपासणीला या, अशा सूचना त्यावर असतात.

दिसते आहे, दुखत नाही, मग एवढे पथ्य कशाला, असे पुष्कळांना वाटते. मग आठवड्याभरात कागद हरवतो आणि महिन्याभरात थेंब बंद होतात. या लेखात आम्ही त्या कागदाचा इतिहास सांगणार आहोत. त्यावरची प्रत्येक ओळ कोणत्या ना कोणत्या अनुभवातून आलेली आहे आणि त्यातले काही अनुभव फार महाग पडलेले आहेत. हा इतिहास कळला की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्यांचे कारण समजते.

सुश्रुताने सांगितलेले दहा दिवस

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेइतकेच तिच्यानंतरचे पथ्यही जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. जवाच्या टोकासारखे अग्र असलेली शलाका डोळ्यात घालून दृष्टीच्या आड आलेला अडथळा दूर करायचा, अशी ती पद्धत होती. गढूळ झालेले भिंग बाहेर काढले जात नसे, ते वाटेतून बाजूला सारले जाई. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पुढचा भाग. डोळ्यावर तूप घालून पट्टी बांधावी आणि धूळ, धूर व ऊन नसलेल्या घरात रोग्याला उताणे निजवावे. त्याने ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे आणि अंग कापणे टाळावे. दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून काढ्याने डोळा धुवावा. असा संयम दहा दिवस पाळावा आणि आहार हलका ठेवावा.

आजच्या भाषेत याचे दोन भाग पडतात. पहिला, डोळ्यात अचानक दाब वाढू द्यायचा नाही. शिंकताना आणि खोकताना हा दाब क्षणभर वाढतो आणि न जुळलेली जखम उघडू शकते. दुसरा, धूळ आणि धूर यांपासून जखम जपायची. जंतूंची कल्पना नसतानाही निरीक्षणातून ही दोन्ही सूत्रे हाती लागली होती.

वाळूच्या पिशव्या

फ्रान्समधील झाक दाव्हिएल याने १७४७ मध्ये मोतीबिंदू मागे न ढकलता डोळ्याच्या पुढच्या भागाला छेद देऊन बाहेर काढला आणि १७५३ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. परिणाम पूर्वीपेक्षा चांगले होते, पण एक नवी अडचण आली. डोळ्याला मोठा छेद पडत होता आणि तो शिवण्याइतक्या बारीक सुया व धागे उपलब्ध नव्हते. छेदाच्या कडा आपोआप जुळेपर्यंत रोग्याने हलायचेच नाही, एवढा एकच उपाय होता.

म्हणून दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रोग्याला कित्येक दिवस उताणे झोपवले जाई. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक इस्पितळांत चालू होती. पडून राहण्याचे दुष्परिणामही होतेच. वृद्धांच्या पाठीला जखमा होत, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, आणि दोन्ही डोळे झाकलेले असल्यामुळे काही रोगी भ्रमिष्टासारखे वागू लागत. पुढे बारीक टाके आले, १९४९ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले, १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने मोतीबिंदूचा भुगा करून तो लहान छेदातून ओढून घेण्याची रीत काढली. छेद लहान होत गेला तसे पडून राहण्याचे दिवस कमी होत गेले.

१८८४ ची एक नोंद येथेच करायला हवी. त्या वर्षी व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे दाखवले आणि जागेपणी, वेदनेशिवाय डोळ्याची शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. पण डोळा बधिर करणारी औषधे वारंवार वापरली तर पारपटलाची वरची त्वचा भरून येत नाही, उलट झडते, हेही पुढे दिसून आले. लेसरनंतर दुखते म्हणून बधिर करणारे थेंब घरी आणून घालायचे नाहीत, ही सूचना त्या अनुभवातून आली आहे.

पारपटलाची रचना

चष्म्याच्या नंबरासाठी होणारी लेसर शस्त्रक्रिया डोळ्याच्या भिंगावर होत नाही, ती पारपटलावर म्हणजे कॉर्नियावर होते. काळ्या बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखे हे पारदर्शक आवरण असते. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, सुमारे ५४० मायक्रॉन असते. (एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन.) डोळ्याची एकूण वक्रीभवनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर धरली, तर त्यातली ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाची असते. म्हणूनच त्याची वक्रता थोडीशी बदलली तरी चष्म्याचा नंबर बदलतो.

या पडद्याची चार वैशिष्ट्ये लक्षात ठेवली तर पथ्याचा सारा कागद समजतो. एक, त्यात रक्तवाहिन्या नाहीत. उघड्या डोळ्याला लागणारा प्राणवायू अश्रूंच्या थरात विरघळून हवेतून मिळतो. त्यामुळे ते पारदर्शक राहते, पण त्याच्या गाभ्यातली जखम त्वचेवरील जखमेपेक्षा फार सावकाश भरते. दोन, सर्वांत वरचा सुमारे ५० मायक्रॉनचा पेशींचा थर, म्हणजे अभिस्तर, मात्र झपाट्याने भरून येतो. तो खरवडला गेला तर थोड्या दिवसांत कडेच्या पेशी सरकून जागा झाकतात. तीन, सर्वांत आतला थर एकाच पेशीच्या जाडीचा आहे. गाभ्यात झिरपलेले पाणी सतत बाहेर टाकण्याचे काम तो करतो आणि माणसात तो नष्ट झाला तर पुन्हा पुरेसा तयार होत नाही. चार, शरीरातील सर्वांत दाट संवेदक मज्जातंतूंचे जाळे पारपटलात आहे. धुळीचा कण गेला की डोळा पाणावतो तो या मज्जातंतूंच्या संदेशामुळे.

चिरांचा काळ

पारपटलाला चिरा देऊन त्याचा आकार बदलण्याचे प्रयत्न लेसरच्या आधीपासून चालू होते. जपानमधील त्सुतोमु सातो यांनी १९४० च्या आसपास पारपटलाला आतून आणि बाहेरून चिरा देण्याची पद्धत सुरू केली. सुरुवातीला नंबर उतरला, रोगी आनंदले. पण आतून चिरा देताना त्या एकपेशीय थराची हानी होत होती आणि त्याचे महत्त्व तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. दहा-वीस वर्षे गेल्यावर पुष्कळ रोग्यांच्या पारपटलात पाणी साचू लागले, ते सुजून पांढरे पडले आणि दृष्टी गेली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे पहिल्या महिन्यात ठरत नाही, हा धडा यातून मिळाला.

मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७४ पासून फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या इस्पितळात रोग्यांच्या खाटा एका शस्त्रवैद्याकडून दुसऱ्याकडे सरकत जात आणि प्रत्येक जण शस्त्रक्रियेचा एकेक टप्पा करी. १९७८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत गेली. तेथे १९८० च्या दशकात मोठा अभ्यास हाती घेतला गेला आणि त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ४३ टक्के डोळ्यांचा नंबर शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या महिन्यापासून पुढे धन दिशेने एक डायॉप्टर किंवा अधिक सरकला होता. खोल चिरांमुळे पारपटल कायमचे कमजोर झाले होते.

या कमजोरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एव्हरेस्टवरचे आहे. अमेरिकी डॉक्टर बेक वेदर्स यांनी अशा चिरांची शस्त्रक्रिया करून घेतली होती. मे १९९६ मध्ये एव्हरेस्ट चढताना विरळ हवेत त्यांची दृष्टी इतकी अंधूक झाली की त्यांना वाटेत थांबावे लागले. प्राणवायू कमी पडला की पारपटल सुजते. चिरा दिलेल्या पारपटलात ही सूज विषम असते आणि त्याचा आकार बदलतो. पुढे वादळ आले. वेदर्स वाचले, पण हिमदंशामुळे त्यांना उजवा हात गमवावा लागला. शस्त्रक्रिया झालेला डोळा आणि न झालेला डोळा बाहेरून सारखेच दिसतात, पण ताण आला की ते सारखे वागत नाहीत.

टर्कीची कूर्चा आणि जंबुपार किरण

लेसरचा पहिला प्रयोग थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये केला. दीड-एक वर्षातच, १९६१ मध्ये, डोळ्यातील दृष्टिपटलावर माणिक लेसरचा उपयोग झाला. पण हे लेसर उष्णतेने काम करीत. दृष्टिपटलावरची गाठ जाळायला किंवा फाटलेला भाग चिकटवायला ते चालते, पारपटल कोरायला चालत नाही. अंड्याचा पारदर्शक बलक, म्हणजे पांढरा भाग, तव्यावर पडताच कसा पांढराफटक आणि अपारदर्शक होतो ते आपण रोज पाहतो. पारपटलही प्रथिनांचेच बनलेले आहे, त्याला उष्णता लागली तर तेच होणार.

या अडचणीतून वाट सापडली ती एका संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ न्यूयॉर्कजवळच्या आय.बी.एम.च्या संशोधन केंद्रात जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांच्याबरोबर काम करीत होते. एक्सायमर लेसरचे १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार (अतिनील) किरण प्लॅस्टिकवर पडले की ते न वितळता कोरले जाते, हे तेथे माहीत झाले होते. सजीव ऊतीही अशाच कोरल्या जातील का, हा प्रश्न होता. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, श्रीनिवासन यांनी आदल्या दिवशीच्या मेजवानीत उरलेली टर्की प्रयोगशाळेत आणली आणि तिच्या कूर्चेवर हे किरण सोडले. कापल्यासारखी स्वच्छ खाच पडली, कडा करपल्या नाहीत. तुलनेसाठी वापरलेल्या हिरव्या प्रकाशाच्या लेसरने मात्र कूर्चा जळाली.

याचे कारण वरच्या इयत्तांतील मुलांना गणित करून दाखवता येते. प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढायची असेल, तर १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. १२४० भागिले १९३ म्हणजे सुमारे ६.४. प्रथिनांतील कार्बनचे बंध तोडायला याहून कमी ऊर्जा लागते. म्हणजे हा प्रकाशकण बंध थेट तोडू शकतो, तापवून जाळण्याची गरज राहत नाही. शिवाय हे किरण वरच्या अत्यंत पातळ थरातच शोषले जातात, खाली पोचत नाहीत. एका स्पंदाने पारपटलाचा साधारण पाव मायक्रॉनचा थर उडतो. हिरव्या प्रकाशाच्या ५३२ नॅनोमीटरसाठी हेच गणित केले तर उत्तर २.३ येते. ते बंध तोडायला पुरत नाही, फक्त ऊती तापते.

कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या साहाय्याने जनावरांच्या डोळ्यांवर प्रयोग केले आणि १९८३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. श्रीनिवासन, विन आणि ब्लम यांना या कामाबद्दल अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. ते फेब्रुवारी २०१३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये प्रदान करण्यात आले.

वरचा थर खरवडून

१९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मार्गरिट मॅकडोनाल्ड यांनी दिसत्या मानवी डोळ्यावर या लेसरने पहिली शस्त्रक्रिया केली. रोगी बाईंच्या खोबणीत कर्करोग झाला होता आणि तो डोळा काढायचाच होता. त्याआधी त्यावर प्रयोग करा, असे त्यांनी स्वखुशीने सांगितले. त्यामुळे माणसाचे पारपटल लेसरनंतर कसे भरून येते हे काही दिवस पाहता आले आणि डोळा काढल्यावर तो तपासताही आला. आज पथ्याचा कागद हातात घेणाऱ्या प्रत्येकावर या बाईंचे ऋण आहे.

या पद्धतीला पी.आर.के. म्हणतात. तीत अभिस्तर खरवडून बाजूला करतात, खालचा गाभा लेसरने कोरतात आणि अभिस्तर पुन्हा वाढू देतात. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाने तिला १९९५ मध्ये मान्यता दिली. पण तिचे तीन त्रास लवकरच लक्षात आले.

पहिला दुखण्याचा. अभिस्तर नसल्यामुळे मज्जातंतूंची टोके उघडी पडतात आणि दोन-तीन दिवस डोळा फार ठणकतो. त्यावर पट्टी म्हणून एक मऊ काँटॅक्ट लेन्स बसवतात आणि अभिस्तर भरून आला की साधारण चार-पाच दिवसांनी डॉक्टर ती काढतात. ती आपली आपण काढायची नसते.

दुसरा त्रास धुरकटपणाचा. जखम भरताना गाभ्यातील पेशी जादा तंतू तयार करतात आणि पारपटलावर धुक्यासारखा थर येतो. जंबुपार किरणांनी तो वाढू शकतो. काळा चष्मा पहिल्या आठवड्यापुरता नसून कित्येक महिने घालायचा असतो, तो यासाठी. आपल्याकडे मार्च ते मे या काळात उन्हात काम करणाऱ्यांनी तर हे विसरू नये.

तिसरा त्रास औषधातूनच येतो. धुरकटपणा आणि दाह टाळण्यासाठी स्टिरॉइडचे थेंब देतात आणि ते हळूहळू कमी करत बंद करतात. काही लोकांत या थेंबांनी डोळ्यातील दाब वाढतो. दाब वाढल्याचे रोग्याला जाणवत नाही, दुखत नाही, पण दृष्टीची मज्जा हळूहळू मरते. काचबिंदूत होणारी हानी ती हीच, आणि ती भरून येत नाही. तपासणीच्या तारखा असतात त्या मुख्यतः हा दाब मोजण्यासाठी. डोळा लाल झाला की जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तेच थेंब परस्पर आणायचे, ही आपल्याकडची सवय येथे घातक ठरते.

बिजागरीचा पापुद्रा

अभिस्तर न खरवडता काम होईल का? यासाठी एक जुनी कल्पना उपयोगी पडली. कोलंबिया देशातील बोगोटा येथे होझे इग्नासियो बाराकेर १९४९ पासून पारपटलाची चकती कापून काढायची, ती गोठवून लेथवर घडवायची आणि पुन्हा बसवायची, असा विचार मांडत होते आणि पुढे त्यांनी ते करूनही दाखवले. ग्रीसमधील क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी ही कल्पना आणि एक्सायमर लेसर एकत्र आणले. पारपटलाचा वरचा पापुद्रा एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवून उचलायचा, खालचा गाभा लेसरने कोरायचा आणि पापुद्रा परत मिटवायचा. १९८९ मध्ये त्यांनी एका अंध मानवी डोळ्यावर ही शस्त्रक्रिया केली. तिचेच नाव लॅसिक.

लॅसिकने दुखणे जवळजवळ संपवले. अभिस्तर जागच्या जागी राहत असल्याने काही तासांत डोळा शांत होतो आणि दुसऱ्या दिवशी दिसू लागते. पथ्याकडे दुर्लक्ष व्हायला लागले ते येथूनच, असे आम्हाला वाटते. पूर्वी वेदनाच माणसाला पथ्य पाळायला लावत होती. वेदना गेली, पण ऊतीला जुळायला लागणारा काळ होता तेवढाच राहिला.

पापुद्रा टाक्याशिवाय कशाने टिकतो? आतला एकपेशीय थर पाणी शोषून घेतो आणि पापुद्रा खालच्या गाभ्याला चिकटतो. त्याच्या कडेवर एखाद्या दिवसात अभिस्तर पसरतो. पण खालचा गाभा पूर्वीसारखा सांधला जात नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लॅसिक होऊन गेलेल्या, मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांची ताकद मोजली होती. पापुद्र्याच्या कडेला ती मूळच्या २८ टक्क्यांच्या आसपास आणि मध्यभागी अवघी अडीच टक्क्यांच्या जवळपास आढळली. जोराचा फटका बसून पापुद्रा सरकल्याच्या घटना शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही नोंदल्या गेल्या आहेत. डोळे चोळू नका, रात्री कवच लावा, कबड्डी-कुस्ती-मुष्टियुद्ध टाळा, या सूचना यासाठी आहेत.

चोळण्याचा आणखी एक धोका आहे. जर्मन नेत्रवैद्य थिओ सायलर यांनी १९९८ मध्ये असे रोगी नोंदवले, की ज्यांचे पारपटल लॅसिकनंतर पुढे फुगत गेले. गाभा फार पातळ उरला तर आतल्या दाबाने तो बाहेर येतो. किती उरतो याचे गणित सोपे आहे. कोरण्याच्या भागाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, चष्म्याच्या नंबराने गुणा आणि तीनने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये मिळते. चार्ल्स मन्नरलिन यांचे हे सूत्र १९८८ चे आहे. व्यास ६ आणि नंबर ४ असेल तर ३६ गुणिले ४ भागिले ३, म्हणजे ४८ मायक्रॉन. नंबर १० असेल तर १२०. आता ५४० मधून पापुद्र्याचे ११० आणि हे १२० वजा करा, ३१० उरतात. पूर्वीच्या यंत्रांचा पापुद्रा १६० पर्यंत जाई, मग २६० च उरत. निदान २५० मायक्रॉन गाभा राहायला हवा असा संकेत पुढे रूढ झाला. मूळचेच पातळ पारपटल असलेल्याला डॉक्टर शस्त्रक्रिया नाकारतात, ते या हिशेबामुळे. अशा वेळी दुसरीकडे जाऊन ती करून घेण्याचा हट्ट धरू नये.

पापुद्रा कापताना मज्जातंतूही कापले जातात. मग डोळा कोरडा पडला तरी मेंदूला खबर पुरेशी जात नाही, अश्रू कमी येतात, पापण्या कमी मिटतात. अमेरिकेत लॅसिकच्या रोग्यांना प्रत्यक्ष विचारून केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी तो होत असल्याचे सांगितले. बहुतेकांना सहा महिने ते वर्षात आराम पडतो, थोड्यांना त्रास पुढेही राहतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिसण्यासाठी नसून, भरून येणाऱ्या अभिस्तराला ओल मिळावी म्हणून असतात.

पुढचा टप्पा एका अपघाताने सुरू झाला. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील झेरार मूरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात अतिशय लघू स्पंदांच्या लेसरची तिरीप गेली. त्याच्या दृष्टिपटलावरची इजा विलक्षण नेमकी आणि आजूबाजूला करपलेली नव्हती, हे तपासणाऱ्या तरुण डॉक्टर रॉन कुर्ट्झ यांच्या लक्षात आले. त्यातून पापुद्रा पात्याऐवजी फेम्टोसेकंद लेसरने कापण्याची पद्धत निघाली. मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना अशा स्पंदांच्या तंत्रासाठी २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आता पापुद्रा न उचलता लहान छेदातून गाभ्याची चकती काढण्याची 'स्माइल' पद्धतही आहे. तीत पापुद्रा सरकण्याची भीती नाही, पण जंतू, कोरडेपणा आणि थेंबांची पथ्ये तीच राहतात.

कागद पुन्हा वाचताना

आता कागदावरच्या ओळी आपल्या रोजच्या जगण्याला लावून पाहू. पाणी डोळ्यात जाऊ द्यायचे नाही, म्हणजे न्हाताना डोके मागे करून दुसऱ्याकडून पाणी घालून घ्यायचे आणि विहिरीत किंवा तलावात पोहणे डॉक्टर सांगतील तोवर बंद ठेवायचे. पाण्यातून जंतू आणि साबण, दोन्ही जातात. काजळ आणि डोळ्यांची प्रसाधने काही आठवडे नकोत. चुलीचा धूर, मळणीची धूळ, होळीचे रंग यांपासून दूर राहायचे. दुचाकीवर डोळे झाकणारा चष्मा हवा. शिक्षकांनी फळा कोरड्या डस्टरने न झटकता ओल्या फडक्याने पुसावा, निदान पहिले काही आठवडे. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्याकडे पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, म्हणून मधूनमधून मुद्दाम डोळे मिटावेत.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, लाली वाढली, पू आला, उजेड सहन होईना किंवा दृष्टी एकाएकी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

एक पथ्य कागदावर क्वचितच लिहिलेले असते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या मोजमापांचे कागद आयुष्यभर जपायचे. पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्यातील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. पुढे मोतीबिंदू झाला तर कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवायलाही जुनी मापे लागतात. पंचविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्याला हे कागद साठाव्या वर्षी उपयोगी पडतील.

शिवाय नंबर गेला तरी डोळ्याची लांबी बदललेली नसते. मोठ्या ऋण नंबराचा डोळा लांबट असतो, त्याचे दृष्टिपटल ताणलेले असते आणि ते सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही तेवढाच राहतो. वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. चाळिशीनंतर वाचण्याचा चष्मा लागतो तोही टळत नाही.

वर्गात काय करता येईल

पापुद्र्याची कल्पना देण्यासाठी सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या घ्या. मध्ये पाण्याचा एक थेंब टाकून त्या एकमेकींवर ठेवा. सरळ वर ओढून त्या सुटता सुटत नाहीत, पण बोटाने बाजूला ढकलल्या की सहज सरकतात. डोळा चोळणारे बोट पापण्यांवरून असेच बाजूला ढकलत असते. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा प्रयोग उष्णतेचा परिणाम दाखवतो. १२४० चे आणि मन्नरलिन यांचे गणित नववी-दहावीच्या मुलांना कठीण नाही.

मुलांशी बोलताना आणखी एक गोष्ट सांगावी. वाढत्या वयात नंबर बदलत असतो, म्हणून अठरा वर्षांच्या आत ही शस्त्रक्रिया करत नाहीत, आणि त्यानंतरही निदान वर्षभर नंबर स्थिर असावा लागतो. भरतीसाठी ती करायची असेल, तर त्या दलाचे या शस्त्रक्रियेबद्दलचे नियम आधी लेखी वाचावेत आणि मैदानी चाचणीपूर्वी डोळा भरून येण्यास किती महिने द्यावे लागतील, ते डॉक्टरांना विचारून मगच तारीख ठरवावी.